व्होल्टमीटरचा काटा डोलतोय: बॅटरी नवी, डायनामो दुरुस्त, तरी दोष सापडत नाही

निळी डिझेल

नमस्कार. गाडी १९ वर्षांची, डिझेल, १२ व्होल्टची. डायनामो (अल्टरनेटरच, पण घरात सगळे डायनामोच म्हणतात) ६५ अँपिअरचा आहे, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) त्याच्या आतच. गाडी वडिलांनी घेतलेली. आता माझ्याकडे आली आहे आणि अजून बरीच वर्षं चालवायची इच्छा आहे, म्हणून हा प्रश्न नीट सोडवायचा आहे.

डॅशबोर्डवर काट्याचा व्होल्टमीटर आहे, ८ ते १६ आकड्यांचा. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की काटा १२ च्या आसपास रेंगाळतो आणि दोनेक मिनिटांनी एकदम उडी मारून १३.५ वर जातो. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर काटा खालीवर होतो. रात्री पावसात हेडलाइट, फॉगलाइट, वायपर सगळं चालू असेल तर १२ च्या जरा वर येऊन बसतो. रेस दिली तरी फारसा हलत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच दिवसांनी लक्षात आली. अगदी अंधारात पाहिलं तर बॅटरीचा लाल दिवा किंचित पेटलेला दिसतो. दिवसा दिसतच नाही, इतका मंद.

८ महिन्यांपूर्वी बॅटरी नवी टाकली. दोन महिन्यांपूर्वी डायनामो उघडून कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर बदलून घेतला. काट्यात तसूभरही फरक नाही. आता 'अख्खा डायनामोच बदला' असा सल्ला मिळतोय. गाडी मात्र रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. नवा डायनामो टाकण्याआधी मी काय तपासावं?

तेलकट हात

लाल दिवा मंद पेटणं हे मला डायोडचं (एसीची डीसी करणाऱ्या भागाचं) लक्षण वाटतं. डायनामोच्या मागच्या प्लेटवर सहा मोठे डायोड असतात आणि बऱ्याच मॉडेलांत फील्डसाठी (आत फिरणाऱ्या रोटरच्या कॉइलसाठी) तीन छोटे वेगळे. त्यातला एखादा गेला की चार्जिंग होतं पण पूर्ण होत नाही, आणि दिवा असा धुगधुगत राहतो. कार्बन आणि रेग्युलेटर बदलताना डायोड प्लेट तपासली का ते विचारा.

दुसरं, डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा डायनामोच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो. त्याचं ऑइल सील गेलं की तेल आत झिरपतं आणि नवे कार्बनसुद्धा काही दिवसांत चिकट होऊन स्लिप रिंगवर नीट टेकत नाहीत. मागून तेलाचा ओघळ दिसतो का बघा. फॅनबेल्टही दाबून पाहा. दोन पुलींच्या मधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे. सैल असेल तर लोड पडल्यावर घसरतो, आणि दरवेळी किंचाळतोच असं नाही.

पाचवा गिअर

सोपी युक्ती सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीचं एक टर्मिनल काढा. इंजिन बंद पडलं तर डायनामो खराब, चालू राहिलं तर चांगला.

जुना वायरमन

@पाचवा गिअर, कृपया हे कोणी करू नका. चार्ज होत असलेली बॅटरी अचानक तोडली की डायनामोमधला फील्डचा प्रवाह लगेच शून्य होत नाही. तेवढ्या क्षणात व्होल्टेज उसळतं, ८० व्होल्टांच्याही वर जाऊ शकतं. रेग्युलेटर, डायोड, गाडीतला इलेक्ट्रॉनिक्सचा कुठलाही डबा त्यात जळू शकतो. शिवाय या प्रयोगातून निदानही होत नाही. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की स्टॉप सोलेनॉइडपुरती (इंधन चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेपुरती) वीज मिळाली तरी चालत राहतं.

@निळी डिझेल, डायनामो अजून उघडू नका. तुमच्या शेवटच्या वाक्यात सगळ्यात मोठा पुरावा आहे. गाडी रोज पहिल्या सेल्फला सुरू होते. काटा दाखवतो ते खरं असतं, म्हणजे रात्रीच्या प्रवासात बॅटरीवर खरोखर १२ च्या जरा वरच व्होल्ट असते, तर बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी उतरत गेली असती आणि ८ महिन्यांत तुम्ही दहा वेळा धक्का मारला असता. तसं झालेलं नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न काट्याबद्दलच आहे. तो खरं बोलतोय का?

डॅशवरचा व्होल्टमीटर बॅटरीचं व्होल्टेज मोजत नाही. तो मोजतो त्याच्या स्वतःच्या दोन वायरींमधलं व्होल्टेज. बॅटरीपासून तिथपर्यंत येताना वीज फ्युझिबल लिंक (वायरीसारखा मुख्य फ्यूज), इग्निशन स्विच, फ्यूज, चार कनेक्टर असा प्रवास करते. वाटेत कुठेही गंज किंवा जळका काँटॅक्ट असेल तर काटा त्याचीच रडकथा सांगतो आणि आपण डायनामोला दोष देतो.

म्हणून आधी साधा मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. टोकं क्लॅम्पवर टेकवू नका, बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, कारण क्लॅम्प आणि खांबाच्या मध्येही गंज असू शकतो. पाच आकडे द्या. गाडी रात्रभर उभी असताना, सेल्फ मारताना, आयडलवर काही चालू नसताना, आयडलवर सगळं चालू असताना, आणि सगळं चालू ठेवून २००० आरपीएमवर. प्रत्येक वेळी डॅशचा काटा कुठे होता तेही लिहा.

निळी डिझेल

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे मनापासून आभार. डायनामोमागे तेल नाही, बेल्ट ताठ आहे.

आज सकाळी मोजलं. रात्रभर उभी: १२.६२. सेल्फ मारताना सगळ्यात खाली १०.३. इंजिन गरम झाल्यावर आयडल, काही चालू नाही: १४.२, काटा १३.५. आयडल, सगळं चालू: १३.७, आणि काटा १२ च्याही खाली! २००० आरपीएम, सगळं चालू: मल्टीमीटर १४.१, काटा १२ च्या जरासा वर.

म्हणजे बॅटरीपाशी सगळं ठीक दिसतंय. पण डायोडची शंका होती म्हणून मी एसी रेंजवरही मोजलं. कुठेतरी वाचलं होतं की बॅटरीवर एसी अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसला तर डायोड गेला. माझ्या मीटरवर ३०.९ आला! आता पुरता गोंधळलो आहे.

सर्किटवाली

घाबरू नका, ३०.९ व्होल्ट एसी बॅटरीवर असूच शकत नाही. तसं असतं तर गाडीतले सगळे बल्ब केव्हाच गेले असते.

बऱ्याच स्वस्त मल्टीमीटरांत एसी रेंजला डीसी अडवणारा कॅपॅसिटर नसतो. आत एकच डायोड असतो आणि मीटर अर्धी लहर मोजून तिचा हिशोब पूर्ण लहरीवर बसवतो. अशा मीटरला निव्वळ डीसी दिली की तो दुपटीहून थोडा जास्त आकडा दाखवतो. तुमच्या १४ च्या आसपास व्होल्टना ३१ च्या जवळपास. खात्री करायची तर इंजिन बंद करून तीच रेंज लावा. डायनामो फिरत नसतानाही २७-२८ दिसेल. मग लाल-काळी टोकं उलटी लावा, आकडा शून्यावर येईल. चांगल्या मीटरवर दोन्हीकडून सारखाच, अगदी छोटा आकडा येतो.

कोणाकडून तसा मीटर मिळाला तर दिवे लावून, इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजा. ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर डायोड निर्दोष समजायला हरकत नाही.

निळी डिझेल

तुम्ही म्हणालात तसंच झालं. इंजिन बंद असताना २७.८, टोकं उलटी केली की ०. मित्राचा चांगला मीटर आणला, त्यावर सगळं चालू असताना एसी ०.०४.

तेलकट हात

मग डायोडचा माझा अंदाज मागे घेतो. १३.७ आणि १४.२ हे आकडेही तब्येत उत्तम असलेल्या डायनामोचे आहेत. ६५ अँपिअरचा डायनामो आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच देऊ शकतो, त्यामुळे लोडवर आयडलला थोडं खाली येणं स्वाभाविक. २००० ला परत १४.१ आला, म्हणजे रेग्युलेटरही जागेवर आहे. पण मग तो लाल दिवा का पेटतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

रात्रीचा प्रवासी

माझाही प्रश्न इथेच विचारतो. माझी गाडी तीन वर्षांची आहे. सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर घेतला तर तो कधी १२.६, कधी १४.८. चढावर कमी, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की जास्त. मलाही वायरिंग तपासायला हवी का?

सर्किटवाली

@रात्रीचा प्रवासी, तुमचं प्रकरण वेगळं आहे. नव्या गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज इंजिनाचा संगणक ठरवतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असेल, तो बॅटरीत किती प्रवाह जातो-येतो, तिचं तापमान किती, हे कळवत राहतो. इंजिनावर भार असताना संगणक डायनामोला विश्रांती देतो आणि तुम्ही पाय काढला की फुकटची ऊर्जा बॅटरीत भरून घेतो. इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली ही रचना आहे. अशा गाडीत १२.५ ते १४.९ फिरणं नेहमीचं. फक्त दिव्यांचा उजेड डोळ्यांना जाणवेल असा फडफडत असेल, किंवा बॅटरीचा इशारा येत असेल, तर तपासा. आणि बाहेरून काही जोडलंत तर त्याचं अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर देऊ नका, बॉडीवर द्या. नाहीतर तो प्रवाह सेन्सरला दिसतच नाही आणि त्याचा हिशोब चुकत जातो.

जुना वायरमन

@निळी डिझेल, आता पुढची पायरी, ड्रॉप मोजायची. माझ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली चाचणी हीच, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी केली जाणारीही हीच.

वायर चांगली की वाईट हे वीज वाहत नसताना कळत नाही. २० तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटरचा बझर वाजतो, रोध शून्याजवळ दिसतो, टेस्ट लॅम्पही पेटतो. खरी परीक्षा तिच्यातून १०-१५ अँपिअर जात असतानाच होते. म्हणून लोड चालू ठेवायचा आणि एकाच वायरीच्या दोन टोकांना मीटरची दोन टोकं लावायची. वायर आदर्श असेल तर दोन्हीकडे व्होल्ट सारखेच, म्हणून मीटर शून्य दाखवेल. जितका आकडा दिसेल तितके व्होल्ट वाटेत हरवले. काही सोडवायला लागत नाही, काही कापायला लागत नाही.

तीन ठिकाणं मोजा. इंजिन १५००-२००० वर, दिवे चालू. एक, डायनामोच्या बी प्लस बोल्टपासून (जिथून चार्जिंगची जाड वायर निघते) बॅटरीच्या प्लस खांबापर्यंत, इथे ०.२ च्या आत हवं. दोन, डायनामोच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या मायनस खांबापर्यंत, ०.१ च्या आत. तिसरं, सेल्फ मारत असताना इंजिन ब्लॉकपासून मायनस खांबापर्यंत. तेव्हा शेकडो अँपिअर जातात, त्यामुळे थोडं जास्त चालेल, पण अर्ध्या व्होल्टाच्या वर नको.

दुचाकीस्वार

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. धागा भरकटवत नाही, एकच विचारतो. मोटरसायकलला हे सगळं लागू आहे का? माझी बॅटरी वर्षभरात दुसऱ्यांदा वाळली.

तेलकट हात

@दुचाकीस्वार, बॅटरीवरचं मोजमाप तसंच. फरक डायनामोत. बहुतेक मोटरसायकलींत कायम चुंबकाचं मॅग्नेटो असतं, त्याला फील्ड नसतं. त्यामुळे ते वेगाबरोबर वीज वाढवतच राहतं, आणि जादा वीज आवरायचं काम बाहेरचा रेग्युलेटर-रेक्टिफायर करतो. तो आवरेनासा झाला की वेगात १५ च्या वर व्होल्ट जातात, बॅटरीचं पाणी उडतं आणि गंधकासारखा वास येतो. तुमचं वर्णन त्याच दिशेचं आहे. ५००० आरपीएमला बॅटरीवर किती येतात ते बघा. कमी येत असतील तर मॅग्नेटोच्या तीन वायरींचा (बहुधा पिवळ्या) कनेक्टर सोडवून दोन-दोनच्या जोड्या एसी रेंजवर मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आणि वेगाबरोबर चढते हवेत. इंजिन बंद असताना त्यातली कोणतीही वायर बॉडीला लागलेली दिसता कामा नये. आणि तो कनेक्टर नीट पाहा. रेक्टिफायरइतकाच बऱ्याचदा तोच तपकिरी होऊन वितळलेला सापडतो.

निळी डिझेल

मोजलं. बी प्लस ते बॅटरी ०.११. डायनामोचं अंग ते मायनस ०.०३. पण सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक ते मायनस ०.७!

इंजिनाची अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सपाशी सापडली. थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट भुकटी आणि ब्लॉकवर रंगाचा थर. बॅटरीचं मायनस आधी सोडवलं, दोन्ही बाजू सँडपेपरने चकचकीत केल्या, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला, वरून ग्रीस. आता ०.१५. सेल्फचा आवाजच बदलला, इंजिन इतक्या सहज फिरतंय की घरातल्यांनीही विचारलं काय केलं म्हणून.

मला वाटलं हाच तो दोष. पण संध्याकाळी इंडिकेटर लावला आणि काटा पुन्हा तसाच टिकटिक करायला लागला. लाल दिवाही आहेच.

सर्किटवाली

अर्थिंगची पट्टी हा खरा दोष होताच, तो निघाला ते चांगलं. पण काट्याशी त्याचा संबंध नव्हता. डायनामोच्या अंगापासून मायनसपर्यंत ०.०३ आला तेव्हाच चार्जिंगच्या प्रवाहाला ती पट्टी आड येत नव्हती हे दिसलं होतं.

मला लाल दिव्याबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. तुमच्या जातीच्या डायनामोत या बल्बचं एक टोक इग्निशन स्विचमधून येणाऱ्या वायरीला असतं आणि दुसरं डायनामोच्या डी प्लस टर्मिनलला. चावी फिरवली की इग्निशनकडून १२ व्होल्ट येतात, डी प्लस जवळजवळ शून्यावर असतो, बल्ब पेटतो. त्याच बल्बमधून गेलेला थोडासा प्रवाह रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. (म्हणूनच हा बल्ब उडाला तर काही डायनामो रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू करत नाहीत.) इंजिन फिरायला लागलं की डी प्लसवर १४ येतात, इग्निशनच्या बाजूलाही १४. दोन्ही टोकं सारखी, बल्ब विझतो.

बल्बला फक्त फरक कळतो. फरक कुठल्या बाजूने पडला ते त्याला कळत नाही. डी प्लस कमी पडला तर पेटतो, तशीच इग्निशनची बाजू कमी पडली तरी पेटतो, फक्त प्रवाह उलट्या दिशेने. तुमचा डी प्लस १४ च्या आसपास असणार. काटा म्हणतो इग्निशनच्या बाजूला १२. दोन व्होल्टांत १२ व्होल्टचा बल्ब अगदी तसाच दिसेल, अंधारातच जाणवेल असा. काट्याला आणि दिव्याला दोघांनाही वीज एकाच वाटेने मिळते. आपण इतके दिवस त्या वाटेचं एक टोकच तपासत होतो.

तेलकट हात

हे मला माहीत नव्हतं. मंद दिवा म्हणजे डायोड, असंच डोक्यात पक्कं बसलं होतं. असे दिवे पाहून मी स्वतः प्लेटा बदलल्या आहेत आणि त्यातल्या काही गाड्या परत आल्या होत्या. आज त्या गाड्या आठवतायत.

जुना वायरमन

ताईंनी नेमकं पकडलं. आता फक्त जागा शोधायची.

लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर क्लिपने लावून आत केबिनमध्ये आणा, ते मीटरच्या लाल टोकाला जोडा. वायर कुठे घासून बॉडीला लागणार नाही याची काळजी घ्या, आणि बॅटरीपाशी तिला छोटा फ्यूज लावा. इंजिन चालू, फॉगलाइट-वायपर चालू. काळं टोक आधी मीटर-क्लस्टरच्या (डॅशवरच्या मीटरांच्या) फ्यूजवर टेकवा, तिथे एकूण तूट कळेल. मग एकेक पाऊल बॅटरीकडे मागे या. स्विचमधून बाहेर पडणारी वायर, स्विचमध्ये येणारी वायर, फ्युझिबल लिंकचं पुढचं टोक. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घसरेल तिथे चोर आहे. क्लस्टरच्या अर्थिंगचीही एकदा मायनस खांबाशी तुलना करा, म्हणजे ती शंका राहणार नाही.

आणि एक आठवून सांगा. फॉगलाइट कंपनीचे आहेत की नंतर बसवलेले?

निळी डिझेल

काका, तुम्ही फॉगलाइटचं विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. ते नंतर बसवलेले आहेत. ५५-५५ वॉटचे दोन.

आकडे असे. क्लस्टरच्या फ्यूजवर तूट १.९०. स्विचच्या बाहेर १.८४. स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर ०.२४. फ्युझिबल लिंकनंतर ०.०६. क्लस्टरचं अर्थिंग ०.०२. फॉगलाइट आणि वायपर बंद केले, नुसतं इंजिन चालू ठेवलं, तर एकूण ०.६. इंडिकेटर लावला की प्रत्येक लुकलुकीला ०.४ ची भर.

स्टीअरिंगखालचं झाकण काढलं. स्विचचा कनेक्टर हाताला चटका बसेल इतका गरम. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय. आणि त्याच पिनेच्या वायरीला साल सोलून, पिळा मारून, टेप गुंडाळून एक जाड वायर जोडलेली आहे. ती थेट फॉगलाइटच्या बटणाकडे जाते. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूजही नाही.

जुना वायरमन

सापडला. हिशोब लावून पाहा. नुसत्या चावीवर तुमच्या गाडीचा स्टॉप सोलेनॉइड, मीटर वगैरे धरून ५ अँपिअरच्या आसपास लोड असणार, आणि तूट ०.६. म्हणजे वाटेत साधारण ०.१२ ओहम रोध. फॉगलाइटचे ८-९ आणि वायपरचे २-३ अँपिअर धरले की एकूण १६, आणि १६ गुणिले ०.१२ म्हणजे १.९. इंडिकेटरचे २१ वॉटचे दोन आणि बाजूचा छोटा बल्ब मिळून साडेतीन अँपिअरच्या घरात, तूट ०.४. तिन्ही आकडे एकाच रोधाकडे बोट दाखवतात. म्हणूनच रेस देऊन काही फरक पडत नव्हता. डायनामो त्याचं काम चोख करत होता.

यातली काळजीची गोष्ट वेगळी आहे. त्या स्विचमध्ये १.६ व्होल्ट आणि १६ अँपिअर, म्हणजे २५ वॉट उष्णता मुरत होती. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, प्लास्टिकच्या डबीत, तुमच्या गुडघ्याच्या वर. दुरुस्ती होईपर्यंत फॉगलाइट अजिबात लावू नका. त्यांची वायर आजच सोडवून टोक बंद करा.

दुरुस्ती अशी. कुलपाचा भाग बदलायची गरज नाही, चावी तीच राहील. मागचा विजेचा काँटॅक्टचा भाग बहुतेक गाड्यांत वेगळा मिळतो, तो नवा घ्या. जळकी पिन आणि तिच्या मागची काळवंडलेली वायर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा, नवं थिंबल दाबून लावा. नव्या स्विचला जुना भाजका कनेक्टर लावला तर सहा महिन्यांत नवाही जळेल. फॉगलाइटला चार पिनांचा रिले. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दिव्यांना. ८५ बॉडीला, ८६ ला बटणाकडून येणारी वायर. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह जाईल, ०.२ अँपिअरही नाही.

सर्किटवाली

एक भर घालते, कारण पुढे कोणी हा धागा वाचून घाईने डायनामो बदलेल. या गाडीचा रेग्युलेटर डायनामोच्या आतच व्होल्टेज मोजतो, म्हणून बॅटरी बचावली. काही डायनामोंना वेगळी सेन्स वायर असते आणि काही गाड्यांत ती इग्निशनच्या वाटेनेच येते. तसा डायनामो इथे बसवला असता तर त्याला इग्निशनच्या बाजूचे १२ च दिसले असते, तो बिचारा ते १४ करायला जोर लावत राहिला असता, आणि बॅटरीवर १६ चढले असते. वर लोड बदलेल तसं तेही हेलकावे खात राहिलं असतं. म्हणून सेन्स वायर असेल तर तिच्यावरचा ड्रॉप आधी मोजा.

निळी डिझेल

चार दिवसांनी लिहितोय. फॉगलाइट त्याच दिवशी तोडले होते. काल एका ओळखीच्या वायरमनबरोबर बसून सगळं केलं. काँटॅक्टचा जुना भाग उघडून पाहिला. आत तांब्याची पट्टी निळी-काळी पडलेली, आणि ज्या स्प्रिंगने ती दाबून धरायची ती उष्णतेने मऊ पडून गेलेली. स्प्रिंग सैल म्हणून काँटॅक्ट गरम, गरम म्हणून स्प्रिंग आणखी सैल, असं किती वर्षं चाललं असेल कोण जाणे.

आता सगळं चालू असताना क्लस्टरच्या फ्यूजवर एकूण तूट ०.१८. काटा १४ च्या रेघेवर. इंडिकेटरला बारकाईने पाहिलं तर जेमतेम थरथरतो. रात्री खास अंधारात गाडी उभी करून पाहिलं, लाल दिवा पूर्ण काळा.

ते फॉगलाइट वडिलांनी बसवून घेतले होते. त्यांना धुक्यात गाडी चालवायची भीती वाटायची. दिवे तसेच ठेवलेत, आता रिलेवरून, आणि आधीपेक्षा कितीतरी पांढरे पेटतात.

एकच शंका उरली. सकाळी थंड इंजिनावर पहिली दोन मिनिटं काटा अजूनही १२.८ च्या आसपास असतो आणि मग एकदम वर जातो. हेही तपासायला हवं का?

तेलकट हात

तो ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारा) आहे. डिझेल थंड असताना सुरू झाल्यावरही धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून बऱ्याच गाड्यांत प्लग काही वेळ तापतच ठेवतात. चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या वर ओढतात आणि आयडलवर तुमचा डायनामो तेवढं देऊ शकत नाही, म्हणून बॅटरीही हातभार लावते. उद्या सकाळी बॉनेट उघडून मीटर बॅटरीवर लावा आणि रिलेकडे कान द्या. 'कट्' असा आवाज येईल त्याच क्षणी आकडा चढला, तर तिथे काहीही करायचं नाही.

निळी डिझेल

सकाळी पाहिलं. बॅटरीवर १२.९, काटा १२.८. एक मिनिट पन्नास सेकंदांनी फायरवॉलजवळून 'कट्' आवाज आला आणि दोन्हीकडे १४.२. मीटर आणि काटा बरोबरीने चढताना पहिल्यांदाच पाहिले.